बाप्तिस्म्यानंतरची पिढी

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ख्रिस्ती धर्मांतराची नोंद बहुधा एका तारखेने होते. बाबा पदमनजी, बेळगाव, १८५४. पंडिता रमाबाई, वाँटेज, २९ सप्टेंबर १८८३. नारायण वामन टिळक, मुंबई, १० फेब्रुवारी १८९५. या तारखांच्या अलीकडे काय घडले, याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. कोणता ग्रंथ हाती आला, कोणत्या मिशनऱ्याची गाठ पडली, मनात किती काळ घालमेल झाली, नातलगांनी काय केले, वर्तमानपत्रांनी काय छापले. तारखेच्या पलीकडे गेले की ग्रंथसूची सुरू होते. मधले घर कुठेच दिसत नाही. त्या घरात मुले होती, ती सकाळ-संध्याकाळ आईबापांना प्रार्थना करताना पाहत होती, आणि त्यांच्या वाट्याला काय आले हा वाङ्मयाचाही प्रश्न आहे, हे आपल्या समीक्षेच्या फारसे लक्षात आलेले नाही.

धर्मांतर हा निर्णय असतो. ज्याने तो घेतला त्याच्या दृष्टीने आयुष्यातली सर्वांत मोलाची मिळकत म्हणजे तो निर्णयच. त्यासाठी त्याने घर सोडलेले असते, पंगत गमावलेली असते, कधी बायकोमुलांचा वियोग सोसलेला असतो. अडचण अशी, की हीच मिळकत मुलाच्या नावावर करून देता येत नाही. बापाने सोडले ते घर मुलाने पाहिलेलेच नसते. बापाची श्रद्धा कमावलेली आणि मुलाची आयती. ज्या माणसाने स्वतः आयती श्रद्धा नाकारली, त्याने आपल्या मुलाला श्रद्धा द्यायची तरी कशी?

हा प्रश्न मी वेळणेश्वरात राहून मांडतो आहे, याचे कुणाला आश्चर्य वाटेल. आमच्या गुहागर तालुक्यातल्या या गावाची ओळख समुद्राला लागून असलेल्या शंकराच्या देवळाने आहे. गोखले, गाडगीळ, वेलणकर अशा चित्पावन कुळांतली कित्येक घराणी वेळणेश्वराला आपले कुलदैवत मानतात. मुंज झाली, लग्न झाले, घरात मूल आले, की पुण्यामुंबईहून आणि आता अमेरिकेहूनही माणसे येतात. अभिषेक होतो, नारळ फुटतो, पोरे पाण्यात धावतात. त्या पोरांना कोणी विचारत नाही की बाबा रे, तुझा विश्वास आहे का. विचारण्याची गरजच नसते. कुलाचार ही मुळी विश्वासाची चौकशी न करता श्रद्धा पुढे सरकवण्याची सोय आहे. हे मी हिणवून म्हणत नाही, पिढ्यान्‌पिढ्या टिकलेली सोय आहे ती.

आता गंमत पाहा. मराठीत ज्यांच्या ख्रिस्ती होण्याने मोठा गदारोळ झाला, त्यांतली बरीचशी माणसे याच कोकणस्थ कुळांतली. टिळकांचा जन्म १८६१चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई माहेरच्या गोखले. रमाबाई डोंगरे यांचे वडील अनंतशास्त्री चित्पावन. काशीचे पंडित नीळकंठशास्त्री गोरे, जे पुढे नेहेमिया गोरे झाले, तेही चित्पावन. स्कॉटिश मिशनरीही पहिल्यांदा याच किनाऱ्यावर उतरले, १८२३ मध्ये बाणकोटला, नंतर हर्णैला. जॉन विल्सन १८२९ मध्ये आले तेव्हा मराठीचे पहिले धडे त्यांनी हर्णैलाच घेतले. कुलदैवताची सवय हाडीमासी असलेल्या माणसांनी कुळाचा देव सोडला. मग त्या रिकाम्या जागी त्यांनी आपल्या मुलांसाठी काय ठेवले? या लेखात मी तेवढेच शोधतो आहे.

मुलाचा धर्म कोणाचा, हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले आणि त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, वयाने अजाण, त्यांच्यामागोमाग मिशनमध्ये गेला. प्रकरण कोर्टात गेले आणि मुलगा आईबापांच्या हवाली झाला. पण खरी पंचाईत त्यानंतर सुरू झाली. हा मुलगा आता परत ब्राह्मण होऊ शकतो का? बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्ताची बाजू घेतली, सनातन्यांनी त्यांच्यावर आग पाखडली. कोर्टाने देह परत दिला, पण पंगत परत द्यायला बिरादरी तयार नव्हती. त्या साऱ्या गदारोळात मुलाला काय वाटते हा मुद्दा कुणाच्याही युक्तिवादाचा पाया नव्हता. मिशनला आत्मा हवा होता, बापाला मुलगा हवा होता, जातीला शुद्धता हवी होती.

पन्नास वर्षांनी हाच वाद पुण्यात एका दाराभोवती उभा राहिला. रमाबाईंच्या चरित्रकारांनी हा प्रसंग सांगितला आहे, पण संस्थेच्या इतिहासातले एक प्रकरण म्हणून. मला तो एका आईचा आणि मुलीचा प्रसंग वाटतो.

शारदा सदन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झाले आणि पुढच्या वर्षी पुण्याला आले. पैसा अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनचा, सल्लागार मंडळात न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर. अट अशी होती, की विधवा मुलींना धर्म शिकवायचा नाही, ज्याने त्याने आपापला आचार पाळावा. रमाबाईंनी अट मानली. मात्र त्या स्वतः ख्रिस्ती होत्या आणि सदनातच राहत होत्या. आपली मुलगी मनोरमा हिला घेऊन त्या आपल्या खोलीत बायबल वाचत, प्रार्थना करत. आणि खोलीचे दार त्या लावून घेत नसत.

सदनातल्या काही मुली त्या दाराशी येऊ लागल्या. आधी ऐकायला, मग बसायला. पुण्यात ओरड झाली. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर यांनी अंग काढून घेतले, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंची भूमिका साधी होती. मी कुणाला बोलावत नाही, पण माझ्या लेकराबरोबर देवाचे नाव घेताना दार बंद करण्याइतके ते लाजिरवाणे काम नाही. हिंदू घरातली आई देवपूजा करताना दाराला कडी घालते का?

दोन्ही बाजूंचे मी वाचले आहे आणि दोन्ही बाजूंना आपापला मुद्दा होता असे मला वाटते. पैसा ख्रिस्ती, मुख्य बाई ख्रिस्ती, मुली परस्वाधीन आणि कोवळ्या वयाच्या. अशा ठिकाणी उघडे दार हे निव्वळ उघडे दार राहत नाही, हे सुधारकांचे भय खोटे नव्हते. पण रमाबाईंकडून जे मागितले जात होते तेही नीट पाहिले पाहिजे. त्यांनी आपल्या बारा वर्षांच्या मुलीला असे शिकवायचे होते, की आपली प्रार्थना ही चोरून करायची गोष्ट आहे. मूल शब्दांपेक्षा कडीचा आवाज लवकर शिकते. रमाबाईंना हे कळत होते, कारण त्या स्वतः उघड्यावर वाढल्या होत्या, अगदी शब्दशः.

अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकमताविरुद्ध बायकोला संस्कृत शिकवले, आणि त्या आईने रमेला. तीर्थामागून तीर्थ करत, पुराणे सांगत हे कुटुंब वर्षानुवर्षे चालत होते. पहाटे आई मुलीला पाठ द्यायची. १८७४च्या सुमारास उपासमारीने आधी वडील गेले, मग आई. १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत रमाबाई वडिलांची अखेरची वेळ सांगतात. आपण तुला देवाच्या हाती सोपवले आहे, तू त्याचीच हो, जन्मभर त्याचीच सेवा कर, अशा आशयाचे ते बोलणे होते. पन्नाशीला आलेली ख्रिस्ती रमाबाई हे आठवते तेव्हा वडिलांच्या देवाची कीव करत नाही. तिच्या लेखी वडिलांचे मागणे पुरे झालेले आहे. देवाचे नाव बदलले, सोपवणे तेच राहिले.

मराठी समीक्षेने या जागेवर थांबायला हवे होते. रमाबाईंच्या धर्मांतराला तुटणे म्हणणारे दोन पक्ष आहेत. एकाला त्या तुटण्याचे दुःख आहे, दुसऱ्याला अभिमान. त्यांचे स्वतःचे लिहिणे मात्र सलगता सांगते. भागवत सांगणाऱ्या बापाने जी ओढ लावली, तिच्याच जोरावर त्या बापाच्या देवळातून बाहेर पडल्या. आईबापांची श्रद्धा मुलांना घडवते म्हणजे ती मुलांना जागच्या जागी ठेवते, असे मुळीच नाही.

आणि मनोरमा? तिच्या धर्मशिक्षणावरून तर इंग्लंडमध्येच तंटा सुरू झाला होता. आईबरोबर तिचाही बाप्तिस्मा वाँटेजला झाला तेव्हा ती अडीच वर्षांची होती. सिस्टर जेराल्डाइन या रमाबाईंच्या धर्ममाता, मुलीवर त्यांची आजीसारखी माया. १८८६ साली रमाबाई तिला घेऊन अमेरिकेला गेल्या खऱ्या, पण तिथून मुलगी वाँटेजला परत आली आणि आई पुढे व्याख्याने देत हिंडत राहिली. रमाबाई आणि जेराल्डाइन यांचा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केला आहे. रमाबाईंवर लिहिणारे त्यातला त्रैक्याचा वाद उद्धृत करतात, क्रुसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरे का नकोत हा त्यांचा सवाल उद्धृत करतात. मला त्यातली मुलीविषयीची पाने अधिक महत्त्वाची वाटतात. जेराल्डाइन यांना पंथाची शिकवण ढिली पडू द्यायची नव्हती. रमाबाईंना, ज्या मताविषयी आपलेच मन निश्चित नाही ते आपल्या मुलीच्या तोंडी बसवलेले नको होते. शिवाय आपण हिंदुस्थानचे लेकरू आहोत याची तिला लाज वाटता कामा नये, हा त्यांचा हट्ट होता. इंग्लंडात राहून अंड्याचा पदार्थसुद्धा न खाणारी ही बाई मुलीला ख्रिस्त द्यायला तयार होती, पण ख्रिस्ताबरोबर इंग्रज द्यायला तयार नव्हती.

मनोरमेने आत्मचरित्र लिहिले नाही. तिचे जे आहे ते कामात आहे. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये तिने आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवली, शाळा सांभाळली, गुलबर्ग्याला १९१३ मध्ये ख्रिस्ती शाळा काढली. २४ जुलै १९२१ रोजी मिरजेला ती वारली, चाळीस वर्षांची. आठ-नऊ महिन्यांनी, ५ एप्रिल १९२२ला, रमाबाईही गेल्या. बायबलचे त्यांचे मराठी भाषांतर १९२४ मध्ये छापून आले. आईच्या प्रकाशात मुलगी दिसेनाशी झाली असे कुणी म्हणेल. मला वाटते, दुसऱ्या पिढीची गोष्टच निराळी असते. पहिली पिढी साक्ष देते, म्हणजे मी कुठून कुठे आले हे सांगते. दुसऱ्या पिढीला कुठून आलो हे सांगायचे नसते. तिच्या श्रद्धेला कथानक नसते, दिनक्रम असतो. वाङ्मयाला कथानक लागते, म्हणून वाङ्मयाने तिची दखल घेतली नाही.

गोऱ्यांच्या घरी मात्र गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. नेहेमिया गोरे यांनी १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतला. पुण्यात असताना रमाबाईंवर ज्यांचा प्रभाव पडला, त्यांत त्यांचे नाव अग्रभागी येते. त्यांची मुलगी लक्ष्मी १८५३ साली काशीत जन्मली आणि लवकरच पोरकी झाली. आई वारली, बाप धर्मचिंतनात आणि भटकंतीत. मुलीला आधी निळीच्या मळ्याच्या मालकाने, मग स्टॉर्स नावाच्या मिशनऱ्याने वाढवले आणि इंग्लंडला नेले. १८८० मध्ये ती हिंदुस्थानात परतली ती एलन लक्ष्मी गोरे होऊन. १८८३ मध्ये तिचा गीतसंग्रह लंडनहून निघाला, पुढे ती डीकनेस झाली, १९३७ पर्यंत जगली. तिची गीते इंग्रजी भाषिक मंडळ्यांत गाईली गेली. भक्ती खरी, निष्ठा खरी, पण सारे इंग्रजीत. बापाने संस्कृत आणि हिंदीत वाद घातले, मुलीने इंग्रजीत प्रार्थना केली. श्रद्धा पोचली आणि वाटेत भाषा गळून पडली. रमाबाईंनी मनोरमेसाठी जो हट्ट धरला, त्यामागे हे उदाहरण त्यांच्या डोळ्यांपुढे असेल-नसेल, आपल्या डोळ्यांपुढे ते ठेवायला हरकत नाही.

आता टिळकांचे घर. त्याविषयी आपल्याला सर्वांत जास्त माहिती आहे, कारण 'स्मृतिचित्रे'. पहिला भाग १९३४ मध्ये निघाला आणि तेव्हापासून मराठी वाचक त्यावर लुब्ध आहे. आपण ते लक्ष्मीबाईंच्या विनोदासाठी वाचतो, त्यांच्या सरळपणासाठी वाचतो, अलीकडे स्त्रीवादी दृष्टीने वाचतो. एक गोष्ट मात्र सहसा निसटते. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांना दत्तू नावाचा लहान मुलगा होता. म्हणजे पुस्तकाच्या मध्यभागी नवराबायकोचा जसा पेच आहे, तसाच एका मुलाचाही आहे, आणि ते मूल त्या पुस्तकाच्या निर्मितीत थेट गुंतलेले आहे.

लक्ष्मीबाईंची स्वतःची श्रद्धा कशी घडली होती? त्यांचे वडील सोवळ्याओवळ्याने झपाटलेले होते. त्या घरात धर्म म्हणजे विटाळाचे भय. लक्ष्मीबाई त्यावर हसवतात, पण हसता हसता कळते, की मुलांच्या कातडीला ते भय चिकटलेले आहे. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्यांच्या मनात देवाविषयीचा सवाल फार नंतर आला, आधी आला तो पाण्याविषयीचा आणि हाताविषयीचा. टिळकांची लहानपणची शिदोरी निराळी होती. वडील वामनराव तापट, आई जानकीबाई भाविक. आई लवकर गेली आणि मुलाने घर सोडले. त्यांच्यापाशी आईकडून आलेले गाणे होते आणि बापाकडून आलेले पळणे. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असे ते पुढे सांगत. ती वाट दाखवणारे पहिले माणूस घरातले होते.

काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई टिळकांकडे आल्या त्या हिंदू म्हणूनच. त्यांचे पाणी वेगळे, स्वयंपाक वेगळा. टिळकांनी बळजबरी केली नाही. एका छपराखाली दोन आचार नांदू लागले आणि त्यांच्या मध्ये दत्तू. मला हे घर मराठी ख्रिस्ती इतिहासातले सर्वांत विलक्षण घर वाटते. पुढे राहुरीला असताना लक्ष्मीबाईंच्या मनातला जातिभेद ढासळला. माणूस देवाने केला आणि जात माणसाने, असे त्यांचे त्यांनाच उमगले, आणि कुणाच्याही हातचे खाणेपिणे त्यांनी सुरू केले. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. या क्रमाकडे नीट पाहिले पाहिजे. आधी पाणी, मग धर्मशास्त्र. दत्तूने आपल्या आईला ख्रिस्ती होताना पाहिले ते उपदेशाने नव्हे, तर एक एक भय टाकत जाताना. बापाची श्रद्धा त्याला तयार भेटली, आईची मात्र त्याच्या देखत झाली. दुसऱ्या पिढीतल्या फार थोड्या मुलांना हे भाग्य मिळते.

याच घरात, पुढे नगरला, एक पोरगा येऊन राहिला. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात टिळकांनी त्याला हेरले होते. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे बालकवी. लक्ष्मीबाईंनी त्याच्यावर पोटच्या पोरासारखी माया केली, तोही त्यांना छळून घेत असे. ख्रिस्ती उपाध्यायाच्या घरी वाढणाऱ्या ब्राह्मण मुलाविषयी गावात काय बोलले जात असेल याची कल्पना करता येते. ठोंबरे ख्रिस्ती झाले नाहीत. ५ मे १९१८ रोजी भादलीजवळ रेल्वेखाली त्यांचा अंत झाला तोपर्यंत ते जसे होते तसेच राहिले. टिळकांची श्रद्धा मुलांना सक्तीने घडवणारी असती, तर तिची पहिली परीक्षा इथे झाली असती.

टिळकांनी मुलांना द्यायला जे निर्माण केले ते गाणे होते. परक्या चालीवरच्या, भाषांतराचा वास येणाऱ्या गीतांत ते रमले नाहीत. अभंग, भजन, कीर्तन ही साधने त्यांनी ख्रिस्ती उपासनेत आणली. 'अभंगांजली' हे त्याचे फळ. मंडळीच्या इतिहासकारांनी याला देशीकरण असे नाव दिले आहे आणि मिशनच्या धोरणाचा भाग म्हणून त्याची चर्चा केली आहे. माझ्या मते त्याचा उगम घरात आहे. रागावण्याची, लाडाची आणि प्रार्थनेची भाषा एकच असावी, ही कवीची गरज आधी आणि मिशनचे धोरण मागाहून. फादर स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'ची कथाही हेच सांगते. १६१६ मध्ये छापलेल्या त्या ग्रंथाच्या आरंभी नवे ख्रिस्ती झालेले लोकच पाद्रीबाबाकडे आपल्या भाषेतले पुराण मागतात. जुन्या पोथ्या गेल्या, मग आता वाचायचे काय? धर्म दिलात, पण संध्याकाळ रिकामी झाली, अशी ती तक्रार आहे. संध्याकाळ रिकामी राहिली की मुलांना द्यायला काही उरत नाही.

वसईच्या ख्रिस्ती समाजाकडे पाहिले तर हा फरक अधिक कळतो. तिथे श्रद्धा चार शतकांची आहे. रोझरी, सण, पालकसंत, बोली, शेती यांत ती मुरलेली आहे. म्हणजे आमच्या वेळणेश्वरासारखाच तिचा कुलाचार झालेला आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्या मातीतून आले, 'सुबोध बायबल' लिहिले, २०२०च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांना आपण कुठून कुठे आलो याची साक्ष देण्याची गरज नव्हती. टिळक-रमाबाईंच्या मुलांना मात्र चारशे वर्षे मिळाली नव्हती. त्यांच्या आईबापांना एका हयातीत कुलाचार उभा करायचा होता.

आणि टिळकांचा स्वभाव कुलाचाराला अगदी उलटा. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मिशनची नोकरी सोडली, ख्रिस्ती संन्यास घेतला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले अशा दोघांनाही जागा होती. ९ मे १९१९ला ते वारले. देवदत्त, म्हणजे तो दत्तू, तेव्हा कर्ता झालेला होता. त्याने बापाला दोनदा उंबरा ओलांडताना पाहिले असे म्हणता येईल. एकदा हिंदू समाजाचा, एकदा मिशनचा. असा बाप मुलाला घर बांधून देत नाही. तो जास्तीत जास्त एक अर्धवट राहिलेले काम देतो.

ते काम म्हणजे 'ख्रिस्तायन'. १९०९ मध्ये टिळकांनी हे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र लिहायला घेतले आणि दहा-अकरा अध्यायांवर ते थांबले. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. जोडाक्षरांशी जन्मभर झगडलेल्या, सोवळ्याच्या भयात वाढलेल्या बाईने. शेवटचा, शहात्तरावा अध्याय देवदत्तांनी लिहून ग्रंथ पुरा केला आणि तो १९३८ मध्ये बाहेर आला. लक्ष्मीबाई त्याआधीच, २४ फेब्रुवारी १९३६ रोजी, गेल्या होत्या.

काव्य म्हणून 'ख्रिस्तायन' सबंध वाचणे सोपे नाही, हे मान्य करून टाकतो. लांबच लांब पट्टे सपाट आहेत. टिळकांच्या ओवीतली झेप मधल्या भागात नाही, आणि लक्ष्मीबाईंच्या गद्यातला खट्याळपणा ओवीत शिरताना दबला आहे. म्हणून समीक्षकांनी ते बाजूला ठेवले. पण एक बाप, एक आई आणि एक मुलगा यांनी एका पोथीत एकामागून एक हात घातला आहे, असे दुसरे मराठी पुस्तक मला माहीत नाही. तिन्ही हात वेगळे ओळखू येतात. बापाच्या ओव्यांना शोध घ्यायचा आहे. आईच्या ओव्यांना कथा सांगायची आहे, बायकांना समजेल अशी. मुलाच्या अध्यायाला फक्त पोथी पुरी करायची आहे. त्यात स्वतःचा साक्षात्कार नाही, स्वतःची बंडखोरी नाही. पोथी अपुरी ठेवू नये, या घरातल्या जुन्या शिस्तीने तो लिहिला गेला आहे. ही शिस्त ख्रिस्ती की हिंदू हे मला ठरवता येत नाही, आणि ठरवण्याची घाईही नाही.

देवदत्तांनी आणखीही केले. वडिलांचे चरित्र लिहायचे मनात धरून त्यांनी आईला आठवणी लिहायला सांगितले. त्या 'संजीवनी' साप्ताहिकातून येऊ लागल्या आणि त्यांतून 'स्मृतिचित्रे' उभी राहिली. आपण ज्याला आईचे पुस्तक म्हणतो, ते मुलाने मागितलेले पुस्तक आहे. आईबापांच्या श्रद्धेविषयी मुलाने विचारलेला प्रश्न आणि आईने दिलेले लांबलचक, हसरे, कुठेही उपदेश न करणारे उत्तर, असे ते वाचून पाहावे. पुस्तक वेगळे दिसू लागते. टिळकांची विक्षिप्त वागणूक, घरात न टिकणारा पैसा, कुणालाही उचलून घरी आणण्याची खोड, हे सारे लक्ष्मीबाई लपवत नाहीत. संतचरित्र लिहिले असते तर मुलाला बाप मिळाला नसता.

पुढे १९६० मध्ये याच देवदत्त नारायण टिळकांनी पंडिता रमाबाईंचे चरित्र लिहिले, 'महाराष्ट्राची तेजस्विनी पंडिता रमाबाई'. उघड्या दाराची हकीकत लिहिणारा हा चरित्रकार स्वतः एका ख्रिस्ती झालेल्या कवीचा मुलगा होता, आणि मनोरमेपेक्षा जेमतेम दहा वर्षांनी लहान. त्यांचे चिरंजीव अशोक देवदत्त टिळक यांनी आजोबांवर 'चालता बोलता चमत्कार' ही चरित्रात्मक कादंबरी लिहिली आणि आजीच्या 'स्मृतिचित्रां'ची साक्षेपी आवृत्ती सिद्ध केली. तिच्यात तळटीपा आहेत. आजी ज्यांना नुसत्या नावाने हाक मारते ती माणसे कोण, ती कोणत्या गावची, कोणता प्रसंग कोणत्या साली घडला, हे नातू पानाच्या तळाशी शांतपणे लिहीत जातो.